डाव्या गालाची अकरा वर्षं

आमच्या दारात गालापासून वीतभर अंतरावर हात धरलेला माणूस उभा राहिला की शांता, म्हणजे माझी बायको, काही न विचारता चहाचं आधण ठेवते आणि त्यातला एक कप बशी झाकून निवायला ठेवते. गरम चहा त्या माणसाच्या तोंडाला चालणार नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

अशी माणसं नाशिकरोडहून येतात, सिन्नरहून येतात. एक गृहस्थ सुरगाण्याहून आधी जीपने आणि मग दोन एस.टी. बदलून आले होते, तोंडावर सबंध टॉवेल गुंडाळून. सगळ्यांचे प्रश्न दोनच. ऑपरेशनने तुमचं दुखणं गेलं का? आणि गेलेलं परत येतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धा तास देतो. त्यात दरवेळी थोडी भर पडते. शांता म्हणते, अजून पाच वर्षांनी ऑपरेशन तुम्ही स्वतःच केलं होतं असं ऐकायला मिळेल. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी अकरा वर्षं एका शब्दात उत्तर देत आलो. नाही.

गेल्या डिसेंबरात दाढी करताना वरच्या ओठाच्या डाव्या टोकाला एक चटका बसला. एकच. जानेवारीत आणखी दोन. मी वस्तरा धुतला, पुसला, आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. दारात येणाऱ्यांना तर नाहीच, शांतालाही नाही.

दात माझा, अक्कलही माझीच

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात मी चौतीस वर्षांचा होतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या पॅनेलवर ऑपरेटर. सकाळच्या पाळीला सायकलवरून निघालो होतो, नदीकडून गार वारा येत होता, आणि डाव्या जबड्यातून डोळ्यापर्यंत कुणीतरी वीज सोडली. विजेच्या कारखान्यातली नोकरी, तेव्हा शॉक म्हणजे काय हे मला नव्याने शिकायचं नव्हतं. पण हा शॉक आतून होता. चार-पाच सेकंद. संपला तेव्हा सायकल एकीकडे आणि मी बाभळीच्या बुडख्याशी.

दुखणं जबड्यात, म्हणजे दात, हे निदान मी स्वतः केलं. शहरातल्या दातांच्या डॉक्टरांनी आरशाने पाहिलं, ठोकून पाहिलं आणि दाढ चांगली आहे म्हणाले. मी त्यांना समजावून सांगितलं की दाढ माझी आहे, कोणती दुखते ते मला कळतं. ते भले गृहस्थ दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मी खुर्चीतून उठेचना, तेव्हा त्यांनी काढली.

त्यानंतर नऊ दिवस दुखलं नाही. मी कॉलनीभर सांगत फिरलो की डॉक्टरांपेक्षा पेशंटला जास्त कळतं. दहाव्या दिवशी पुन्हा वीज. मग मी निष्कर्ष काढला की त्यांनी शेजारची दाढ काढली असणार. शेजारची काढवली. मग तिच्या शेजारची. चौथ्या वेळी त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "पगारे, आता काय जीभ काढू?"

तीन निरोगी दाढा मी अशा हट्टाने घालवल्या. पुढे कळलं की हे दुखणं आपलं आपण थांबतं आणि आपलं आपण परत येतं. मध्ये ज्याने जे केलं असेल त्याला तो श्रेय देतो. गालावर हात नेणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच आहे: दात असू द्या.

अर्ध्या तोंडाचा तुरुंग

हळूहळू एकेक गोष्ट बंद होत गेली. आधी दाढी. मग तोंड धुणं. मग डाव्या बाजूने चावणं, मग चावणंच. भात पातळ करून उजव्या कोपऱ्यातून गिळायचा, तोही ओठ न हलवता. पंखा बंद. मे महिन्यात मफलर. दारातून कुणी जोरात आलं तर त्याच्या वाऱ्याने भीती वाटायची. दुखणं दिवसातून वीस-पंचवीस वेळा, आणि प्रत्येक वेळी फार तर अर्धा मिनिट. पण उरलेला सगळा दिवस मी पुढच्याची वाट बघत बसलेला. कोठडीला दार नव्हतं, तरी बाहेर पडायची सोय नव्हती, कारण कोठडी माझ्याच खांद्यावर होती.

शेवटी बोलणं गेलं. माझ्यासारख्या माणसाचं बोलणं. कॉलनीतल्या विहारात वंदना झाली की चार शब्द बोलायचं काम माझं असे, आणि चाराचे चारशे होत म्हणून लोक आधीच घड्याळ काढून बसत. आता मी मागच्या रांगेत, भिंतीला उजवा गाल लावून. बॉयलरच्या आवाजात आम्ही एकमेकांशी हाताने बोलतो. तशा खुणा मी शांताला शिकवल्या. मूठ वर म्हणजे वाढव, तळवा खाली म्हणजे कमी कर. भाकरी, पाणी, पोरीचा अभ्यास, सगळा संसार आम्ही बॉयलरसारखा चालवला.

माझ्या आईने मात्र वेगळाच अर्थ लावला. लेक बोलत नाही, जेवत नाही, तोंड फिरवून बसतो, त्याअर्थी सुनेने काहीतरी केलं असणार. ती शांताला येता-जाता बोलू लागली. एकदा माझ्यासमोर म्हणाली, "माझा बोलका पोरगा हिने मुका केला." शांता परातीत पीठ मळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या बाजूने एक वाक्य बोलायला हवं होतं. वाक्य माझ्याजवळ तयारही होतं. पण ते वाक्य म्हणजे दोन चटके, कदाचित तीन. मी तोंड उघडलं नाही. शांताने मान खाली घातली आणि मळू लागली. आजारात मी बरीच मूर्ख कामं केली, ती मी रंगवून सांगतो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

आमची पोरगी मंगल तेव्हा पाच वर्षांची. एकदा शाळेतून पळत आली आणि मागून येऊन माझ्या डाव्या गालाला गाल लावला. मी तिला ढकललं. ती पत्र्याच्या पेटीवर आपटली, भुवईला खोक पडली. त्यानंतर ती नेहमी उजवीकडून यायची, आणि येण्याआधी थांबून विचारायची, "बाबा, येऊ?"

त्या दिवसांत मी केंद्राच्या धुराड्याच्या जिन्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत असे. एवढंच लिहितो. ज्याला हे दुखणं आहे त्याला एवढं पुरेल.

नाव कळलं तो दिवस

मंगलच्या भुवईचे टाके काढायला सरकारी दवाखान्यात गेलो होतो. तिथला तरुण डॉक्टर पोरीचे टाके काढता काढता माझ्याकडे बघत होता. काम संपल्यावर म्हणाला, दुखतं कुठे ते दाखवा. मी हात वर नेला आणि गालापासून वीतभर दूर थांबवला. तो हसला. म्हणाला, दात दुखणारा माणूस गाल दाबून धरतो. हात लावायला घाबरतो तो वेगळा. तुमचा दात नाही, चेहऱ्याची नस आहे.

त्याने नाव सांगितलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. मला ते दोन महिने नीट म्हणता आलं नाही, पण त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. नाव आहे म्हणजे ते आणखी कुणाला तरी झालेलं आहे.

गोळ्या सुरू झाल्या आणि चटके निम्म्यावर आले. एवढ्या गोळ्यांनी निम्मे, तर दुप्पट गोळ्यांनी साफ, असा हिशेब मी मनाशी केला. डॉक्टरांना विचारायचं कारण नव्हतं, दाढेच्या वेळी तरी कुठे विचारलं होतं? दुप्पट गोळ्यांनी मी भिंती धरून चालू लागलो. जीभ जड. पगारे प्यायला लागला, अशी बातमी कॉलनीत पसरली. आईने माझं तोंड हुंगून पाहिलं. आणि एका दुपारी मी चालू पॅनेलसमोर झोपलो. माझा जोडीदार शिंदे शेजारी होता म्हणून त्याने बॉयलरच्या ड्रममधलं पाणी सांभाळलं, नाहीतर अख्खं युनिट बंद पडलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी भांडारात, नट-बोल्ट मोजायला.

मुंबईला

चौऱ्याहत्तरच्या शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात दाखल झालो. वॉर्डात वीस खाटा. सकाळी आया फरशी पुसायला आली की खाटेचा पाय हलायचा आणि माझ्या गालात वीज जायची. दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवसापासून ती माझ्या खाटेखाली फडकं हाताने फिरवायची, गुडघ्यावर बसून. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही, तेव्हा एकेक शब्द वाचवत होतो.

ऑपरेशनात ती नसच कापायची होती, आणि त्याआधी तिथे एक पद्धत होती. औषध टोचून चेहऱ्याची बाजू काही तासांपुरती बधिर करायचे, म्हणजे पुढे कायमचं काय वाट्याला येणार ते पेशंटला आधीच कळावं. मला टोचलं. पाच मिनिटांत डावा गाल लाकडाचा झाला, आणि दुखणं, ते दीड वर्षाचं दुखणं, कुठेच नव्हतं.

मी उठलो आणि थेट वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या नळाशी गेलो. दोन्ही हातांनी पाणी घेऊन गालावर मारलं. पुन्हा मारलं. पंचाने घासून घासून पुसलं. सर्जन माझ्या मागोमाग आले आणि बोलू लागले. बाजू अशीच राहील. घास गालात अडकेल. आणि डोळा. डोळ्याबद्दल ते बराच वेळ बोलले. मी पाठीनेच ऐकत होतो. शांता खाली दूध आणायला गेली होती. शेवटी त्यांनी विचारलं, चालेल? मी गालावर पाणी मारत म्हणालो, चालेल साहेब. हवं तर डोकंही ठेवून घ्या.

निघताना एक कागद मिळाला, काळजीच्या सूचनांचा. मी त्याची घडी घालून खिशात ठेवली. तो सदरा पुढच्या रविवारी धुतला गेला.

भोंगा बंद

परत आलो ते दिवस मी जन्मात विसरणार नाही. दिवसातून दोनदा दाढी. पंख्याखाली तोंड वर करून बसणं. आणि बोलणं. दीड वर्षाची थकबाकी मी कॉलनीकडून दोन महिन्यांत वसूल केली. कॅंटीनमध्ये तर खेळच सुरू केला. डाव्या गालात टाचणी खुपसून दाखवायची आणि एक चहा मिळवायचा. नवीन भरती झालेली पोरं डोळे झाकायची.

मग मी साहेबांच्या मागे लागून भांडारातून परत बॉयलरवर आलो. डॉक्टरांनी काही बंधन घातलंय का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणालो. तसं ते खरंच होतं, मला आठवत काहीच नव्हतं. राखेच्या बाजूला जाताना चष्मा लावायचा नियम सगळ्यांनाच होता. मी लावत नसे. इतकी वर्षं कधी लावला नव्हता. डोळ्यात कण गेला की टोचतो, आपण चोळतो, पाणी येतं, संपलं.

माझा कण टोचलाच नाही.

शांता म्हणाली डोळा लाल दिसतोय. मी विचारलं, दुखतोय का? ती म्हणाली, मला काय माहीत, डोळा तुमचा. मी म्हणालो, दुखत नाही ना, मग झालं. असे पाच दिवस. दुखणं तेवढा एकच रोग, आणि तो गेला, अशी माझी समजूत. पाचव्या दिवशी पॅनेलवरचे आकडे धुरकट दिसले, तेव्हा मी आधी काच पुसली.

पॅनेलवर काचेच्या चौकोनी खिडक्या असतात. काही बिघडलं की आतला दिवा लुकलुकतो आणि भोंगा वाजतो. एखादी फार पिरपिर करायला लागली की आम्ही तिचा बल्बच काढून ठेवायचो, आणि साहेब फेरीवर यायच्या आत परत लावायचो. शिंद्याने माझा डोळा पाहिला, मला ढकलत बाहेर आणलं आणि म्हणाला, "बल्ब काढून बसलायस लेका, आणि म्हणतोस बॉयलर ठीक आहे."

बुबुळावर जखम होऊन चिघळली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वाचवता येईल तेवढा वाचवला. जखम भरावी म्हणून पापण्या बाहेरच्या कोपऱ्यात एकमेकींना शिवल्या, त्या अजून तशाच आहेत. त्या डोळ्याने मला उजेड दिसतो, माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. आईचं शेवटचं आजारपण मी एका डोळ्याने पाहिलं. बॉयलर कायमचा सुटला.

तेव्हापासून शांता रोज सकाळी मला दारातल्या उजेडात उभं करते, खालची पापणी ओढते, औषधाचे थेंब घालते. जेवताना ओठाला शीत लागलं तर स्वतःच्या ओठावर बोट ठेवते. गालाच्या आत मी स्वतःलाच चावतो आणि रक्त दिसल्यावर कळतं. गालावर मुंग्या चालतात. मुंग्या नसतात, हे कळायला मी वर्षभर गाल झटकला. मंगल आता सतरा वर्षांची आहे, तरी उजवीकडूनच येते. ऑपरेशन यशस्वी झालं, असं इस्पितळाच्या कागदावर लिहिलेलं आहे, आणि ते खरं आहे. त्या कागदावर एवढीच जागा होती.

निफाडच्या हिराबाई

गेल्या मार्चमध्ये निफाडकडचं एक जोडपं आलं. रावसाहेब द्राक्षबागवाले, आणि त्यांच्या मंडळी हिराबाई. डोक्यावरचा पदर ओढून अर्ध्या तोंडावर धरलेला, पण टेकू न देता. बोलले सगळं रावसाहेबच. "लय झालं हो भाऊ. चार दाढा काढल्या, तरी हायेच. डॉक्टर म्हणतो मुंबईला जा, ही म्हणते ज्याचं झालंय त्याला आधी बघू."

मी सुरू झालो. दाढांची गोष्ट, खुर्चीतून न उठल्याची, जीभ काढू का म्हणाल्याची. रावसाहेब मांडीवर थाप मारून हसले. मला चेव चढला. आईने तोंड हुंगल्याची गोष्ट मी नकलेसकट केली, आणि हिराबाईंना हसू आलं.

हसू आलं आणि त्यांचा चेहरा जागच्या जागी थांबला. हात हवेत राहिला. डोळ्यातून पाणी, आवाज नाही. मग दुसरा चटका. मग तिसरा.

हसलं की दुखतं. हे जगात कुणाला ठाऊक असायला हवं होतं तर मला. दीड वर्ष माझ्यासमोर कुणी विनोद केला की मी उठून जात असे. आणि आज मी एका बाईला गाठून हसवलं होतं. अकरा वर्षांत मी त्या कोठडीपासून इतका लांब आलो होतो की तिच्या आत कसं बसावं लागतं तेच विसरलो. मी गप्प झालो.

मग हिराबाईंनी हाताने पेन्सिल मागितली. आपल्या केसपेपरच्या पाठीवर मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं: परत येतं का?

मी सवयीने तोंड उघडलं. नाही हा शब्द जिभेवर होता. पण त्या माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होत्या, पेन्सिल पुढे करून. खोटं बोलायची मला सवय आहे, लिहायची नाही. मी लिहिलं: येतं. मला आलंय.

शांता चहा घेऊन आली होती. निवलेला कप हिराबाईंसमोर ठेवताना तिने कागद वाचला.

"कधीपासून?"

डिसेंबर, मी म्हणालो.

"डोळ्याच्या वेळी पाच दिवस अंगावर काढलंत. आता तीन महिने. प्रगती आहे." मग ती पाहुण्यांसमोरच खाली बसली. हिराबाईंकडे वळून म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांना कापताना कुणी विचारलं नव्हतं असं नाही. ह्यांनी ऐकलं नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा आपण चौघं जाऊ. ऐकायला मी येते."

ऐकण्याचं काम

गेलो चौघं. सर्जन तेच, केस पांढरे. माझ्या गालावर त्यांनी कापूस फिरवला, टाचणी टोचली, आणि सांगितलं की नसेचा एखादा धागा उरला असेल किंवा पुन्हा जागा झाला असेल. आधी गोळी. गोळीने भागलं नाही तर गालातून सुई घालून तो धागा जाळता येईल. परत येणार नाही याची हमी नाही.

मग त्यांनी हिराबाईंना डोळ्याचं सांगायला घेतलं. मी म्हणालो, साहेब, जरा सावकाश. ते म्हणाले, "पगारे, तुम्हाला हे अकरा वर्षांपूर्वी सांगितलंय."

"तेव्हा मी तोंड धूत होतो, साहेब."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शांताने लिहून घेतलं. डोळा रोज आरशात बघायचा. लाल झाला तर त्याच दिवशी दाखवायचा, दुखो न दुखो. धुळीत चष्मा. हिराबाईंनी दोन दिवस विचार केला आणि ऑपरेशनला हो म्हणाल्या. ते झालं. आता बागेत औषध फवारणी सुरू झाली की त्या घराबाहेर पडत नाहीत, असं रावसाहेब सांगत होते. उरलेलं त्यांचं त्या सांगतील. मी त्यांच्या वतीने बोलणार नाही, माझी ख्याती त्यांना ठाऊक आहे.

माझी अर्धी गोळी सुरू आहे, आणि अर्धीच घेतो. महिन्यातून चार-पाच चटके बसतात. सुईचं अजून ठरलेलं नाही. भीती वाटते का, असं विचाराल तर हो, वाटते. नस एकदा कापता आली, ही कापता येत नाही.

आज सकाळी दाढी करताना दोनदा बसले. पहिल्याच्या वेळी शांता नळावर पाणी भरत होती, मी आरशात बघत उभा राहिलो. दुसऱ्याच्या वेळी वस्तरा खाली ठेवला आणि तिला हाक मारली.